दोरीचं दुसरं टोक

पुतणीच्या आठव्या वाढदिवसाला एकही पोर नव्हतं. "तिच्या तोडीची मुलं आहेत कुठे?" म्हणत भावाने कॉलेजातले चार दीडशहाणे प्राध्यापक बोलावले. ते म्हणे तिच्या तोडीचे! तिने मागितली होती उड्या मारायची लांब दोरी, दोघींनी धरून फिरवायची. भावाने दुर्बीण आणली. दोरी मी दिली. केक हादडून मंडळी गच्चीवर दुर्बीण बघायला चढली. पोरीने दोरीचं एक टोक दुर्बिणीच्या स्टँडला बांधलं होतं आणि दुसरं धरून ती एकटीच फिरवत होती. मध्ये उडी मारायला कोणीच नव्हतं. "बघा, लहरींचा प्रयोग चाललाय!" भावाने छाती फुगवली. विद्वानांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. "तुमच्यातलं कुणी उड्या मारेल का?" पोरीने विचारलं. सगळे खोखो हसले. "विनोदबुद्धीही आहे हो!" एक म्हणाला. मी रिकामी बशी भावाच्या हातात कोंबली आणि चपला काढल्या.