पट्ट्यावरचं दुसरं नाव

“पण बाईचं नाव पट्ट्यावर चढेल का, तेवढं सांग बाय,” सोमीने तिसऱ्यांदा विचारलं.

तलासरीच्या मोफत कायदा सल्ला शिबिरात ती जागृती वकीलबाईंसमोर उकिडवी बसली होती. खुर्ची पुढे केली तर म्हणाली, “खुर्चीत मला बोलायला सुचत नाही.” तिचे पुढचे दोन दात पडलेले. त्या फटीतून शब्दांबरोबर हसूही बाहेर पडे. मागे तिचा मुलगा सुनिल, पस्तिशीचा, टोपी हातात चुरगाळत उभा होता.

जागृतीने सगळं पुन्हा विचारून घेतलं. जंगलाच्या कडेची तीन एकर जमीन. सरकारचा वनपट्टा मिळाला, पण कागदावर एकट्या पुरुषाचं नाव. बाई त्याच्या घरात नांदते, शेतात राबते, पण दोघांचं लग्न लागलेलं नाही. आणि चुलत घरातला चिमण आत्तापासूनच म्हणतो, बिनलग्नाची बाई या जमिनीची कोण?

“उद्या पुरुषाला काही झालं, तर चिमण तिला बांधावर उभी राहू देणार नाही,” सोमी म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

जागृतीने सुनिलकडे पाहिलं. चांगला धडधाकट गडी. आईचा जीव किती पुढचं बघतो, असं तिच्या मनात आलं.

“मुलं आहेत?”

“तिघं,” सुनिल म्हणाला.

“तिघं झाली तरी लग्न लावलं नाही?”

“आमच्यात आधी संसार, मग जमेल तेव्हा लग्न. लग्न म्हणजे अख्ख्या पाड्याला जेवण, मॅडम. एका वर्षी भात बुडाला, एका वर्षी बैल मेला. राहूनच गेलं.” एवढं बोलून तो छताचे पत्रे बघू लागला.

“आणि वडील कुठे आहेत?”

“बाहेर चिंचेखाली. आत यायला लाजतात.”

“वकिलाला?”

“सगळ्यालाच लाजतो तो,” सोमी म्हणाली.

जागृती हसली. “हे बघा, कोर्ट इतक्या वर्षांचा संसार मानतं. पण तिथे भांडण्यात उमर जाते. त्यापेक्षा लग्न लावा, ग्रामपंचायतीत नोंदवा आणि दाखला घेऊन या. जोडीने नाव लावायचा अर्ज मी लिहून देते.”

“म्हणजे लग्न लावायला धवलेरी बोलवायची? मंडप घालायचा?” सोमीने पदर तोंडाला लावला.

“सगळं करा. जेवणात डाळभात असला तरी चालेल. पण मला बोलवा.”

“तुला नाही तर कुणाला!”

ती दोघं गेल्यावर जागृतीने वहीत लिहिलं, ‘सोमीबाई: सुनेचं नाव लावणे.’

वैशाखात बोलावणं आलं. जागृतीने डहाणूच्या बाजारातून नवरीसाठी पोपटी साडी घेतली, तरण्या मुलीला खुलेल अशी. नरपडच्या आपल्या वाडीतले चिकू पिशवीत भरले आणि दुपारी पाड्यावर पोचली.

मंडपातून धवलेरीचं गाणं ऐकू येत होतं. चुलाणापाशी सुनिल आणि त्याची बायको भाताचं पातेलं उतरवत होते. दोघं घामाने निथळलेले.

“अरे नवरदेवा, आज तरी पातेलं सोड!” जागृती ओरडली. “आणि ही नवरीसुद्धा कामाला?”

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सुनिलची बायको इतकी हसली, की तिला खालीच बसावं लागलं.

“आमची पाळी नंतर, मॅडम,” सुनिल म्हणाला. “आधी मोठ्यांची. चला, आत चला.”

मंडपात एक म्हातारा बाशिंग बांधून, लाजेने मान खाली घालून बसला होता. शेजारी नवरी, हळदीने पिवळीधमक. तिने जागृतीच्या हातातली पोपटी साडी घेतली, अंगाला लावून पाहिली आणि दोन दातांच्या फटीतून हसली.

“हीच नेसून तुझ्याकडे येते, बाय,” सोमी म्हणाली. “आता माझं नाव चढेल ना?”