पांढरं कापड

छातीवर चिकटपट्ट्या लागल्या होत्या, आणि शेजारच्या पडद्यावर शिंपीमास्तरांच्या हृदयाची रेघ अशी वेडीवाकडी धावत होती की नवशिक्याची शिलाईसुद्धा बरी. आज शॉक देऊन ती ताळ्यावर आणायची होती. डॉक्टरीणबाई शेवटचं विचारायला आल्या.

"गेल्या चार आठवड्यांत रक्त पातळ करायची गोळी एकदाही चुकली नाही ना?"

मास्तरांनी तोंड उघडायच्या आत बायको बोलली. "चुकतेय कशी! सकाळची मी समोर उभी राहून देते, संध्याकाळची दुकानात जेवणाच्या डब्याबरोबर पुडीत. एक वेळ घड्याळ चुकेल, यांची गोळी नाही."

"शाब्बास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हृदयाचा वरचा कप्पा नुसता थरथरत राहिला की तिथं रक्त साचून गाठ होते. गोळी चुकली असेल आणि आम्ही शॉक दिला, तर ती सुटून थेट मेंदूत जायची."

तरी गप्प बसावं, निभावून जाईल, असं मास्तरांना क्षणभर वाटलंच. लाजेपुढे जीवसुद्धा स्वस्त वाटतो माणसाला, काय म्हणावं!

"चुकलीय," ते छताकडे बघत म्हणाले. "संध्याकाळची. पांढरं कापड हातात असलं की नाही घेत मी."

"पांढऱ्या कापडाचा काय संबंध?"

"सुई टोचते, बाई. पूर्वी टिपका यायचा, थुंकी लावली की जायचा. या गोळीनं रक्त थांबतच नाही. एका गिऱ्हाइकाची कॉलर डागाळली, तर हसून म्हणाला, मास्तर, आता हात थकला वाटतं." त्यांनी बोटं मुठीत मिटून घेतली. "म्हणून पुडी बटणांच्या डब्यात टाकायचो."

"अहो काका, मग अंगुस्तान घालायचं ना बोटात!" नर्स सहज बोलून गेली. "माझी आई घालते."

चाळीस वर्षं मास्तरांनी हाताखालच्या प्रत्येकाला ऐकवलं होतं की बोटात टोपी घालतो तो शिंपी कसला, तो तर शिकाऊ. कान तापले त्यांचे.

डॉक्टरीणबाईंनी शॉक रद्द केला. दोन्ही वेळच्या गोळ्या न चुकता, पुन्हा पहिल्या दिवसापासून चार आठवडे. नर्सनं पट्ट्या ओढून काढल्या. मास्तर सदऱ्याची बटणं लावायला गेले तर वरचं बटण खालच्या काजात. बायकोनं त्यांचे हात बाजूला केले आणि स्वतः लावली. तिनं अजून त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं.

"किती आहेत डब्यात?"

"अकरा."

आकडा इतका पटकन आला की त्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. चारचौघांत तोंड वर करून बोलली होती बिचारी, आणि आपण तिला उघडं पाडलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

घराच्या वाटेवर बटणं-अस्तरवाल्याचं दुकान लागलं. बायको पायरीशीच थांबली. मास्तर समजले. ते एकटे आत गेले.

"अंगुस्तान दाखवा," ते हळूच म्हणाले.

दुकानदार खो खो हसला. "तुम्ही आणि अंगुस्तान! कुणी शिकाऊ ठेवलाय वाटतं?"

गल्ल्याशी आणखी दोन शिंपी उभे होते. दोघंही कधीकाळी मास्तरांच्या हाताखाली शिकलेले. हो म्हणणं किती सोपं होतं. मास्तरांनी दाराकडे पाहिलं. बायको रस्त्याकडे तोंड करून उभी होती. सकाळी त्यांच्या वतीनं घडाघडा बोलणारी बाई आता गप्प होती.

मास्तरांनी टोचून टोचून चाळण झालेलं मधलं बोट काउंटरवर ठेवलं.

"या मापाचं द्या."