दोन ॲम्पवरचा यमन

दोनदा बेल वाजवूनही दार उघडलं नाही, तेव्हा नचिकेतने ‘पोचलो’ असा मेसेज टाकला. लगेच कडी निघाली.

“या,” विनयाबाई म्हणाल्या. “मेट्रोने आलात?”

आर. के. पुरमचं ते सरकारी क्वार्टर अर्धंअधिक खोक्यांत गेलं होतं. त्यांचे पती अशोकराव जाऊन चार महिने झाले होते आणि पुढच्या महिन्यात जागा सोडायची होती. खोक्यांच्या मधोमध एका टेबलावर लॅपटॉप, हेडफोन आणि ते दोन ॲम्प तेवढे मांडून ठेवले होते.

जाहिरात दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर आली होती. ‘हेडफोनचे दोन ॲम्प (ॲम्प्लिफायर) विकणे आहेत, एक जुन्या पद्धतीचा ट्यूबचा, एक सॉलिड-स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरचा. घेणाऱ्याने घरी बसून दोन्ही ऐकावेत. मराठी येणारा हवा. फोन करू नये, मेसेज करावा.’ मराठीची अट वाचून नचिकेतला हसू आलं होतं. पण गुरुग्रामच्या ऑफिसात दिवसभर हिंदी-इंग्रजी बोलून विटलेल्या त्या पुणेकराला ती आवडलीही होती. शिवाय आपल्या कानांचा त्याला गर्व होता. कुठल्या ॲम्पवर काय हरवतं हे तो मित्रांना तासतासभर ऐकवायचा, आणि मित्र त्याला चुकवायचे.

“उजेडाकडे तोंड करून बसा,” असं म्हणून त्यांनी त्याच्यासाठी खुर्ची सरकवली आणि स्वतः समोर बसल्या.

ट्यूबचा ॲम्प तापायला वेळ लागतो. काचेच्या नळ्या हळूहळू नारिंगी झाल्या, तोवर त्याचा चहा झाला. लॅपटॉपवर नुसत्या तारखांच्या फायली होत्या, शेकड्यांनी.

“ही लावा,” विनयाबाईंनी एका फायलीवर बोट ठेवलं. “ते शेवटची हीच ऐकत होते.”

“बारा वर्षांपूर्वीची दिसते. घरीच केलेली का?” लॅपटॉपकडे बघत त्याने विचारलं. उत्तर आलं नाही. जखम ओली आहे, असं समजून त्याने पुन्हा विचारलं नाही.

तानपुरा सुरू झाला, आणि मग एका बाईचा आवाज. यमन. बैठकीतलं नव्हे, घरातलं, कुणा एकासाठी गायलेलं गाणं. नचिकेतने डोळे मिटले. उघडले तेव्हा विनयाबाई त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होत्या.

“काकू, काय गळा आहे. आणि हे सगळं काका रेकॉर्ड करायचे?”

“त्यांनीच केलंय सगळं.” त्यांचं बोलणं सपाट होतं, चढउतार नसलेलं. दुःख माणसाच्या आवाजाचं काय करून टाकतं, असं त्याच्या मनात आलं. “काय वाटलं ते सांगा. इकडे बघून सांगा.”

“ट्यूबवर आवाज मधाळ लागतो. गाणारी अगदी शेजारी बसल्यासारखी वाटते. पण मागचं सगळं धूसर होतं.”

“मागचं म्हणजे?”

“खोलीतलं. गाण्याच्या आजूबाजूचं. ते सॉलिड-स्टेटवर कळेल. तो लाड करत नाही.”

“मग तो लावा.”

त्याने वायर बदलली. तोच यमन आता कोरडा, लख्ख झाला. श्वास कुठे तुटतो तेही कळू लागलं. नचिकेतला चेव आला.

“मागे माग चालतोय बघा, खटक-खटक. यंत्रमाग असावा.”

“पानिपतला जायचे ते, महिन्यातून दोनदा. कापड खात्याचं काम असायचं.”

“मग तिथलंच हे, तुम्हीही गेला असाल सोबत. बांगड्याही ऐकू येतायत. आणि गाणं संपल्यावर बोलणं आहे थोडं.”

“शब्दन्‌शब्द सांगा.”

“‘अहो, आता बंद करा ते, पानं वाढलीयेत.’ मग काका हसतात.”

“हसतात?”

“मोठ्याने. मनमोकळे होते हो काका.”

विनयाबाईंनी खुर्ची आणखी पुढे ओढली.

“आणि ही एक छोटी मुलगी आली. ‘बाबा, माझं पण रेकॉर्ड करा’ म्हणते. ट्यूबवर ही पार बुडाली होती.”

“केवढी वाटते?”

“चार-पाच वर्षांची. बोबडं बोलते अजून.”

“म्हणजे आता सतराची झाली.”

“कुठे असते?”

“तेराव्याला येऊन गेली.”

हल्लीची मुलं, असं नचिकेतच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

“दोन्हींत खरं कोण सांगतं?” विनयाबाईंनी विचारलं.

“सॉलिड-स्टेट. त्यात काही लपत नाही.”

“त्यांनी लपवलं नाहीच कधी. रोज सात ते नऊ इथेच बसायचे. मी समोर भाजी निवडत असायचे.”

“तुम्हाला नाही ऐकवायचे?”

“शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हेडफोन लावतो, म्हणायचे.” त्या उठल्या आणि त्यांनी एक रिकामं खोकं टेबलाशी ओढलं. “तुम्हाला कोणता हवा?”

तो जरा ओशाळला. “ट्यूबचा. रोज ऐकायला तोच बरा.”

“तोच न्या.”

वायर काढता काढता तो थांबला. एवढं ऐकून असंच निघून जाणं त्याला बरं वाटेना. त्याने हेडफोनच्या गाद्या रुमालाने पुसल्या, फाईल पुन्हा पहिल्यापासून लावली आणि हेडफोन त्यांच्यापुढे धरला.

“नेण्याआधी एकदा तुम्ही ऐका, काकू. असा गळा असून गाणं सोडलंत कसं?”

विनयाबाईंनी हेडफोनला हात लावला नाही.

“विसाव्या वर्षी तापात माझे दोन्ही कान गेले,” त्या म्हणाल्या. “लग्न त्यानंतर चार वर्षांनी झालं.”