कमरेपाशी अडणारा हात

“चेंडू सुटला तरी हात थांबवू नको, कावेरी. मनगट कमरेला घासून थेट खांद्यापर्यंत वर जाऊ दे.” सांगून सांगून शैलजा मॅडमचा घसा बसला. केदारखेड्याच्या शाळेत सॉफ्टबॉलला चेंडू टाकणारी अशी पिचर आजवर झाली नव्हती, आणि निवड चाचणी तोंडावर आलेली असताना नेमका तिचाच हात कमरेपाशी येऊन अडत होता.

शेवटी वैतागून त्यांनी तिचं मनगट धरलं आणि हात स्वतःच फिरवायला गेल्या. लांब बाहीखाली काहीतरी किणकिणलं. बाही वर सारली, तर मनगटभर हिरव्या बांगड्या.

“रविवारी सुपारी फुटली माझी.”

मॅडमनी नववीतल्या त्या पोरीच्या बांगड्या मनगटावरून खाली सरकवून पाहिल्या. “खेळताना काढून ठेवत जा,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“निघत न्हाईत. घट्ट भरल्यात.” कावेरीनं बाही खाली ओढली. “आई म्हणली, लग्नापर्यंत खेळ, पण एक जरी बांगडी फुटली तर मैदान बंद. म्हणून हात जपून राह्यले.”

मॅडमनी चेंडू तिच्या हातात दिला. त्यानंतरचा प्रत्येक चेंडू आखूड पडला, आणि दरवेळी मॅडम म्हणत राहिल्या, “बराबर.”