लिंबू

आईनं मुठीत लिंबू आवळलं आणि पदर नाकाला लावला. घाटात उलट्या होतात म्हणून आठ वर्षं ती माहेरी गेली नव्हती.

"शाळा सोडून हेच शिकलीस? चांगली गाडी उसकटून ठेवली!" आई करवादली.

पोरगी पेटली. बापाच्या जुन्या गाडीला तिनं स्पोर्ट मॉडेलचे शॉकअप आणि कडक स्प्रिंगा स्वतः बसवल्या होत्या. "खड्ड्यात दणके बसतील, पण वळणावर गाडी डुलणार नाही," तिनं गाडी चालवणाऱ्या बापाला बजावलं.

सात वळणं गेली तरी मागं बघायची तिची छाती होईना. शेवटी बघितलं, तर आई घोरत होती.

गावाच्या वेशीत आई दचकून उठली. "घाट कधी लागायचा गं?"

पोरीनं ऐटीत तिच्या मांडीवरचं लिंबू उचललं. "मामाकडं सरबताला होईल."