गणू शेलारची जखम

डॉक्टरांनी पायाची दोन बोटं मागितली होती आणि हैबतीआबा नखही द्यायला तयार नव्हते. शुगरची जखम. तीन आठवड्यांत बोटं काढली नाहीत तर गुडघ्याखालचा पाय जाईल, कदाचित माणूसही, असं महाडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. निशिगंधा ही आबांची एकुलती लेक, महाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. शाळा सुटली की गावाकडची, कापड्याची एसटी पकडायची आणि घरी येऊन बापाशी डोकेफोड करायची.

कापड्यात गावदेवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान आबांचा. कुणाचं वासरू आजारी, कुणाची सून अडलेली, कुणाचा मुंबईतला मुलगा तापाने फणफणलेला. चाळीस वर्षं आबा दुसऱ्यांसाठी मागत आले. स्वतःसाठी मागायचं नसतं म्हणे. आता यावर काय बोलायचं, कपाळ?

शेवटी तोडगा त्यांनीच काढला.

"तुमचं विज्ञान समदं मोजतं ना गो? मग ह्ये बी मोज. माझ्यासारखाच पाय असलेला, मी कधी न बघितलेला मानूस सांग. बारा दिवस त्याच्यासाठी मागतो. बरा झाला तर माझ्या पायाला हात लावायचा नाय. नाय झाला तर न्या मला, कापा काय कापायचं त्ये."

निशिगंधा लगेच हो म्हणाली. खरा रुग्ण शोधायचं तिच्या मनात आलं होतं, नाही असं नाही. पण खरा माणूस औषधानेही बरा होतो. श्रेय देवीला गेलं की आबांचा पाय गेलाच. त्यापेक्षा खोटं बोललेलं परवडलं. तिने माणूसच बनवला. गणू शेलार, वय साठ, राहणार माणगावकडे, डावा पाय, महाडच्या दवाखान्यात खाट अकरा. जो नाहीच तो बरा कसा होणार?

रोज संध्याकाळी ती आलेखाच्या कागदावर गणूच्या जखमेची लांबी मांडून आणायची. चार सेंटीमीटर. साडेचार. पाच. आबा चष्मा लावून कागद बघायचे आणि गुपचूप देवळाकडे लंगडत जायचे.

पाचव्या दिवशी ते म्हणाले, तुझी पट्टी चुकतेय, जखम भरत आलीय. सातव्या दिवशी म्हणाले, आज गणूला भूक लागली, दोन वाट्या पेज प्याला. दहाव्या दिवशी म्हणाले, आता भिंतीला धरून चालतो, घरी कधी सोडणार म्हणून विचारतो.

निशिगंधाच्या अंगावर काटा आला. हे तुम्हाला सांगतं कोण, असं तिने विचारलं.

"सांगायला कशाला कोन पायजे? मागताना दिसतो."

वय झालंय, शुगर वाढलीय, अशी तिने स्वतःची समजूत घातली. खरं सांगून टाकावं असं एकदा अगदी ओठांवर आलं. मग जखमेची पट्टी बदलताना आबांची बोटं दिसली, काळीठिक्कर. तिने तोंड मिटलं आणि कागदावर सहा लिहिले.

बाराव्या दिवशी रविवार होता. दुपारचे साडेतीन वाजले होते. आबा ओटीवर बसले होते.

"आबा," ती म्हणाली, "गणू गेला."

आबांनी खांबाला डोकं टेकलं. मग ढसाढसा रडले. निशिगंधाची आई गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते. निशिगंधाला स्वतःची लाज वाटली, फार वाटली. तरी आतून हायसंही वाटत होतं. थोड्या वेळाने आबांनी डोळे पुसले. दिला शब्द मोडायचा नाही, उद्या दवाखान्यात जाऊ, असं म्हणाले आणि स्वतःच धोतर घडी करायला घेतलं.

सोमवारी सकाळी ती त्यांची पिशवी भरत होती तेव्हा फोन वाजला. दवाखान्यातल्या सिस्टर बोलत होत्या. ऑपरेशनची वेळ सांगत असतील म्हणून निशिगंधाने पेन शोधलं.

"गणू शेलारांच्या घरच्या ना तुम्ही? त्यांनी तुमचाच नंबर दिलाय. जखम पूर्ण भरली होती हो, आज सोडणारच होतो. काल दुपारी साडेतीनला चांगले बोलत बसले होते आणि एकाएकी गेले. न्यायला कधी येताय?"