जयमालाची जळजळ

जेवता जेवता जयमालानं पुन्हा छातीवर तळहात दाबला आणि डोळे मिटले. ताटात अर्धी भाकरी तशीच होती.

"परत वर आलं?" रोहिदासनं विचारलं.

तिनं नुसती मान हलवली. पेलाभर पाणी एका दमात पिऊन टाकलं.

"गोळी घेतलीय. थांबेल," ती म्हणाली. आवाज घोगरा, घशात वाळू अडकल्यासारखा. आम्ल वर येऊन येऊन आवाज बसतो, हे रोहिदासनं मोबाइलवर वाचलं होतं.

पलीकडच्या खाटेवर त्याची आई, अंबुबाई, भिंतीकडे तोंड करून बसली होती. सुनेच्या हातचं ती खात नव्हती.

वजन कमी करायचं ऑपरेशन जयमालानं हट्टानं करून घेतलं होतं. साखर वाढलेली, गुडघे बोलायला लागलेले, थेरगावच्या घराचा जिना चढताना धाप लागायची. "देवानं दिल्यालं पोट कापत्यात व्हय?" म्हणून अंबुबाईनं तेव्हा आकांत केला होता. रोहिदासला चाकणच्या कंपनीतून रजा मिळेना. म्हणून टाके सुकल्यावर तिचा भाऊ जयसिंग तिला लातूरकडे माहेरी घेऊन गेला.

पावसाळाभर ती तिकडंच राहिली. फोन करायची, पण व्हिडिओ कॉल घ्यायची नाही. "बारीक झाल्यावर एकदम बघा," म्हणायची. मध्येच कधीतरी तिचा आवाज बसला. ॲसिडिटी वाढलीय, म्हणाली. दिवाळीच्या तोंडावर जयसिंगनं तिला आणून सोडलं आणि चहासुद्धा न घेता तो माघारी गेला.

गल्लीतल्या बायका बघतच राहिल्या. "अगं बाई, ओळखूच येत नाहीस!" रोहिदासही दारात क्षणभर थबकला होता. मग हसला होता.

मोतीबिंदूमुळे अंबुबाईला सगळं धूसर दिसायचं. तिनं सुनेच्या तोंडावरून हात फिरवला, हनुवटीपाशी थांबली आणि हात पदराला पुसला. तेव्हापासून हा अबोला.

जयमाला ताट घेऊन आत गेली, तसा रोहिदास आईजवळ बसला.

"आई, किती दिवस राग धरणार? पोट तिचं, दुखणं तिचं."

"मी राग न्हाई धरला. माझी सून मला परत आणून दे."

"ती जाडजूड जयमाला आता परत यायची नाही."

"व्हय रं बाबा. मलाबी तसंच वाटाया लागलंय."

दुसऱ्या दिवशी तिनं सुनेनं दिलेला चहा तिच्यादेखत मोरीत ओतला. रोहिदास आईवर पहिल्यांदाच ओरडला. संध्याकाळी तिची पिशवी भरून त्यानं तिला निगडीला आपल्या बहिणीकडे, विजयश्रीकडे, नेऊन सोडलं. आई रडली नाही, भांडली नाही. रिक्षातून उतरताना एवढंच म्हणाली, "तिच्या म्हायेराला एकदा जाऊन ये."

बायकोला माहेरी टाकून ये असंच तिला म्हणायचंय, असं वाटून तो तसाच परतला.

घर शांत झालं. जयमाला त्याला जपायची, गरम डबा द्यायची. पोटावरच्या टाक्यांच्या खुणा मात्र बघू द्यायची नाही. आम्ल वर येऊ नये म्हणून त्यानं पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावून दिल्या. कधी कधी ती लग्नाच्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहायची.

"आठवण येते?" त्यानं एकदा विचारलं.

"कुणाची?" ती दचकली. मग हळूच म्हणाली, "हो. स्वतःचीच."

त्याला भरून आलं.

मग एका सकाळी तिला काळपट उलटी झाली. रोहिदास रिक्षा बघायला निघाला. ती म्हणत होती, "दवाखाना नको. पोटात दुर्बीण तर नकोच. गोळ्यांनी बरं वाटेल."

"तुला काही झालं तर मी काय करू?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. "इतका जीव आहे?" असं पुटपुटली आणि मुकाट्यानं उठून चपला घातल्या.

ऑपरेशन केलेले डॉक्टर शहर सोडून गेले होते, म्हणून त्यानं तिला ताथवड्याच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी धीर दिला. "या ऑपरेशननंतर होतं असं. जठराचा मोठा भाग कापून काढतात, केळ्याएवढी नळी उरते. आत दाब वाढला की आम्ल वर चढतं. तोंडातून दुर्बीण घालून बघून घेऊ."

तिला गुंगीचं औषध देऊन आत नेलं. रोहिदासनं बाहेरून आईला फोन लावला. "हिला बरं वाटलं की मी न्यायला येतो," तो म्हणाला.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी त्याला बोलावलं.

"जखम आहे, तिच्यामुळंच जळजळ आणि उलटी. औषधानं भरून येईल."

रोहिदासनं हात जोडले. डॉक्टर मात्र स्क्रीनवरची नजर काढेनात.

"पण जठर पूर्ण आहे. कापल्याची खूण नाही, शिवण नाही. काढलेला भाग पुन्हा उगवत नसतो." त्यांनी आतल्या बंद दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "या बाई तुमच्या कोण?"